कादंबरी अडते तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंजवडीला नोकरी सांभाळून तुम्ही काही वर्षं कादंबरी लिहीत आहात. अकरा प्रकरणं झाली. नायक पुण्यात आयटीत, वडील जुन्नरकडे गावी. वडील वडिलोपार्जित जमीन विकायला काढतात आणि बापलेक समोरासमोर येतात, त्या प्रकरणाशी लेखन थांबलं. सहा महिने झाले, ओळ पुढे सरकत नाही. वडिलांच्या तोंडी काय घालावं तेच सुचत नाही. प्रेरणा आटली का, ती परत कशी आणायची, आणि नोकरी सोडून पूर्ण वेळ लिहिलं तर फरक पडेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

नोकरी सोडू नका, हे आधीच सांगून टाकते. त्याची कारणं पुढे येतील. प्रेरणेबद्दल मात्र सावकाश बोलू या, कारण तिच्या कल्पनेनं नव्या लेखकांचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं कडक समीक्षेनंही केलं नसेल. लिहिणं थांबलं की माणूस स्वतःकडेच संशयानं बघायला लागतो. आपल्यात मुळात काही होतं की नव्हतं, इथपर्यंत विचार जातो. या सगळ्यात हस्तलिखित उघडून नेमकं काय अडलंय हे पाहायचं राहून जातं.

माझा अनुभव असा की कादंबरी बहुतेक वेळा लेखकाला ठाऊक नसलेल्या एखाद्या गोष्टीपाशी अडते. पहिली शंभर-सव्वाशे पानं आपण आधीच्या जगण्याच्या शिदोरीवर लिहितो. लहानपणचं घर, आजी, कॉलेज, पहिली नोकरी, हे सगळं हाताशी असतं आणि झरझर येतं. त्याला आपण प्रेरणा म्हणतो. मग कथानक अशा ठिकाणी येतं जिथे आपण कधी गेलेलो नाही, जिथल्या माणसांना काय बोलावं लागतं, हातानं काय करावं लागतं, हे आपल्याला माहीत नाही. तिथे लेखणी थांबते आणि ती थांबते हे चांगलंच आहे. माहीत नसताना ती धावली असती तर खोटं लिहिलं असतं.

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं काव्यप्रकाश या ग्रंथात काव्याच्या निर्मितीला तीन गोष्टी लागतात असं म्हटलं आहे: शक्ती, निपुणता आणि अभ्यास. शक्ती म्हणजे जन्मजात प्रतिभा. निपुणता येते ती लोक, शास्त्र, काव्य यांच्याकडे नीट पाहण्यातून, आणि यात लोक पहिले. अभ्यास काव्य जाणणाऱ्यांकडून शिकून करायचा. महत्त्वाचं पुढेच आहे. या तिन्ही गोष्टी मिळून एकच कारण होतं, सुट्या सुट्या तीन कारणं नव्हेत, असंही त्यानं स्पष्ट केलं आहे. आपण मात्र अडलो की फक्त शक्तीची चौकशी करतो. निपुणतेकडे कुणी बघत नाही.

माझ्या एका कादंबरीत नारायण पेठेतल्या छापखान्यातला कंपोझिटर, म्हणजे खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवून मजकूर तयार करणारा कामगार आहे. काळ साठच्या दशकाच्या अखेरचा. धाकट्या भावाशी त्याचा अबोला आहे. त्या भावाच्या मुलीचं लग्न ठरतं आणि ती बातमी याच्यापर्यंत पोहोचते, असं एक प्रकरण होतं. ते काही केल्या उभं राहीना. नातेवाईक येऊन सांगतो, बायको मंडईतून ऐकून येते, समोरचा दुकानदार बोलता बोलता बोलून जातो, सगळे मार्ग करून पाहिले. प्रत्येक वेळी संवाद नाटकी व्हायचे. शेवटी लिहिणं बाजूला ठेवलं आणि खिळे जुळवण्यात हयात गेलेल्या एका वृद्ध गृहस्थांकडे जाऊन बसले. छपाई ऑफसेटवर गेल्याला तोवर बरीच वर्षं झाली होती. त्यांनी जपून ठेवलेली एक स्टिक, म्हणजे हातात धरून ओळ जुळवायची पट्टी, आणि मूठभर खिळे माझ्यासमोर ठेवले.

खिळ्याच्या अंगाला एका बाजूनं बारीक खाच असते. कंपोझिटर हातातल्या खिळ्याकडे बघत नाही. त्याची नजर मजकुरावर आणि केसमधल्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीतल्या, घरांवर. बोटाला खाच लागली की खिळा बरोबर बाजूनं धरलाय हे कळतं. स्टिकमध्ये ओळ उलटी उभी राहते आणि ती तशीच वाचायची सवय होते. मराठी मजकुराला काने, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरं, सगळ्यांची घरं वेगळी, इंग्रजीला लागतात त्याहून कितीतरी जास्त. छापून झालं की तेच खिळे सुटे करून परत ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे. दिवसभर उभ्यानं काम. बोटं शिशानं काळी, ती जेवायच्या आधी घासून घ्यायची. लग्नसराईत पत्रिकांचं काम एवढं की रात्रीही बसावं लागे. मी त्यांना विचारलं, एवढ्या पत्रिका जुळवताना कधी ओळखीचं नाव यायचं का? ते म्हणाले, ‘येत असेल. जुळवताना कळत नाही. अर्थ वाचायला लागलं की हात थांबतो. कळतं ते प्रूफ, म्हणजे तपासायची पहिली छापील प्रत, निघाल्यावर.’

माझं प्रकरण तिथे बसल्या बसल्या सुटलं. माझा कंपोझिटर पुतणीची पत्रिका स्वतःच्या हातानं जुळवतो. मालकानं काम घेतलेलं असतं, गठ्ठ्यातली आणखी एक पत्रिका. प्रूफ हातात आल्यावर तो वाचतो, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून ‘आपले नम्र’पर्यंत. घरातल्या लहानथोर सगळ्यांची नावं आहेत, त्याचं नाही. तो एका वेलांटीची चूक दुरुस्त करतो आणि प्रूफ पुढे देतो. त्या प्रकरणात आता कुणी कुणाशी काही बोलत नाही, आणि वाचकांनी सगळ्यात जास्त पत्रं त्याच प्रकरणाबद्दल लिहिली. टेबलाशी बसून मला हे कधीही सुचलं नसतं.

मराठी गद्याची सुरुवातच अशी झाली आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र रचलं ते महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांकडे जाऊन, त्यांच्या आठवणी गोळा करून, स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून त्या पारखून घेऊन. आज आपण त्या लहान लहान वाक्यांतल्या जिवंतपणाचं कौतुक करतो. तो जिवंतपणा ज्यांनी पाहिलं त्यांच्या बोलण्यातून आलेला आहे.

आता झपाट्यानं लिहिणाऱ्यांबद्दल, कारण तुम्ही कोसलाचं उदाहरण दिलं आहे. भालचंद्र नेमाड्यांनी ती कादंबरी पंधरवड्याभरात लिहिली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. १९६३ साली ती आली तेव्हा ते पंचविशीत होते. पण गावाकडून पुण्याला कॉलेजात येणं, वसतिगृह, मेस, पैशांची ओढाताण, परत जाणं, हे त्यांनी आधी काही वर्षं जगून घेतलं होतं. पंधरवडा लिहिण्याचा होता, जमवण्याचा नव्हता. त्यानंतरची कादंबरी, बिढार, १९७५ मध्ये आली. मधल्या बारा वर्षांना कुणी अडणं म्हणत नाही, म्हणूही नये.

दुसरं उदाहरण पुणे आकाशवाणीचं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभर आठवड्याला एक नवं गीत, अशी ५६ गीतं गदिमांनी लिहिली. सुधीर फडक्यांना चाल लावायची, गायक ठरवायचा, वाद्यवृंदाची तालीम घ्यायची, म्हणजे गीत वेळेत हातात पडलंच पाहिजे. त्याच्याही आधी, १८९० मध्ये, हरिभाऊ आपट्यांनी पुण्यातून करमणूक साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ त्यातून क्रमशः दिली. मुदत समोर असली की लेखक लिहितो, असा निष्कर्ष यातून बरेच जण काढतात आणि नवोदितांना दिवाळी अंकाची मुदत घ्यायला सांगतात. मला तो अर्धवट वाटतो. गदिमांच्या पोटात सगळं वाल्मीकी रामायण होतं, आणि माणदेशातल्या बालपणापासून ओव्या, अभंग, कीर्तन कानावरून गेलेलं होतं. हरिभाऊ ज्या घरांबद्दल लिहीत होते ती घरं त्यांच्या भोवतालची होती. जे आत आहे ते मुदत बाहेर काढते. जे नाही ते ती कुठून आणणार? तुम्हाला आज कुणी संपादकानं मुदत दिली तर तुम्ही बापलेकांचं एक खणखणीत भांडण लिहून मोकळे व्हाल. ते छापूनही येईल. आणि कादंबरी तिथेच मोडेल.

अडण्याचं एक दुसरंही कारण असतं आणि ते ओळखायला शिकलं पाहिजे. सगळं माहीत असतं, तरी हात चालत नाही. ओळ लिहिली की लगेच ती वाईट वाटते. खोडली की दुसरी त्याहून वाईट. इथे लिहिणारा आणि तपासणारा एकाच वेळी टेबलाशी बसलेले असतात. कंपोझिटरचं ते बोलणं मला पुढे इथेही फार उपयोगी पडलं: अर्थ वाचायला लागलं की हात थांबतो.

यावर सगळ्यात व्यवहारी सल्ला मला संस्कृत कवी राजशेखराकडे मिळाला. हा दहाव्या शतकाच्या आगेमागे होऊन गेला, यायावर कुळातला. त्याचा पणजा अकालजलद महाराष्ट्राचा, त्यामुळे मला तो घरचाच वाटतो. काव्यमीमांसा या ग्रंथात त्यानं कवीची दिनचर्या लावून दिली आहे. दिवसाच्या पहिल्या प्रहरात अध्ययन, दुसऱ्यात रचना, जेवणानंतर तिसऱ्यात काव्यगोष्ठी, म्हणजे जाणकारांशी काव्यचर्चा, आणि चौथ्यात सकाळी रचलेल्याची परीक्षा. परीक्षा वेगळी का? कारण रसाच्या आवेशात रचना करणाऱ्याची नजर पारख करणारी नसते. परीक्षेत काय करायचं तेही त्यानं सांगितलं आहे: जास्तीचं काढायचं, उणं भरायचं, चुकीच्या जागी असेल ते हलवायचं, विसरलेलं आठवून घालायचं. हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं लिहिलेली ही चार कामं आजही माझ्या टेबलासमोर चिकटवलेली आहेत.

तुमच्यासारख्या नोकरदाराला चार प्रहर कुठून मिळणार? पण यातला कणा घेता येतो. सकाळी कंपनीची बस यायच्या आधीचा तास लिहिण्याचा. त्या तासात मागचं पान वाचायचं नाही, कालच्या शेवटच्या दोन ओळी सोडून. रात्रीचा अर्धा तास तपासण्याचा, आणि त्या वेळी नवीन काही लिहायचं नाही. दोन्ही वेळा अदलाबदल करून चालतील, एकत्र करून चालणार नाहीत. सकाळच्या तासात फोन दुसऱ्या खोलीत. वाचन या दोन्हींच्या बाहेर, बसमध्ये, रांगेत, कुठेही. ‘दिसामाजी काहीतरी ते लिहावे’ ही समर्थांच्या नावावर सांगितली जाणारी ओळ प्रत्येक लेखकाला कुणी ना कुणी ऐकवतंच. तिचा पुढचा भाग, ‘प्रसंगी अखंडित वाचीत जावे’, बहुतेक वेळा गळतो.

आता तुमच्या अडलेल्या प्रकरणाकडे येते. तुम्ही पाठवलेला गोषवारा मी दोनदा वाचला. जमीन वडिलोपार्जित आहे, आजोबांच्या नावावरून आलेली. नायकाला एक आत्या आहे, असा पहिल्या प्रकरणात ओझरता उल्लेख आहे. त्यानंतर ती कुठेच नाही. मग मला सांगा, ही जमीन वडील एकटे विकणार कशी? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलगी बापाची वारस आहे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ ला झाली, देशभर २००५ ला. आजोबा गेल्यावर वारसांचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, झाला असेल तर सातबाऱ्यावर आत्याचं नाव लागलेलं असणार. घेणारा माणूस वकिलाला कागद दाखवतो आणि वकील पहिला प्रश्न विचारतो तो बहिणीच्या सहीचा. एक तर तिनं खरेदीखतावर सही करायची, नाही तर आधी हक्कसोडपत्र करून द्यायचं.

म्हणजे भांडण बापलेकाचं आहे असं तुम्ही धरून चाललात, पण वडिलांना आधी बहिणीच्या दारात जावं लागणार आहे. ती कुठे दिली आहे? नारायणगावला, ओतूरला, की मुंबईत चाळीत? लग्नानंतर माहेरहून तिला काय मिळत आलं, दिवाळीची साडी, तांदळाचं पोतं, की काहीच नाही? भाऊबीज चालू आहे का? वडील एकटे जातात की मुलाला गाडी घेऊन बरोबर यायला सांगतात? मुलाला बरोबर नेलं तर त्या प्रवासात दोघं एका गाडीत शेजारी शेजारी बसणार आहेत, आणि तुमचं सहा महिने अडलेलं प्रकरण बहुधा त्या गाडीत आहे.

व्यवहाराचा दिवसही तुम्ही पाहिलेला नाही, असं गोषवाऱ्यावरून वाटलं. एक दिवस रजा टाका. शनिवार-रविवार सरकारी कार्यालयांना सुट्टी असते, म्हणून रजाच हवी. तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात, जिथे खरेदीखतं नोंदवतात, जाऊन बाकावर बसा. बाहेर दस्त लिहून देणारे, मुद्रांकाचं काम करणारे, झेरॉक्सची दुकानं. आत नंबर लागेपर्यंत घेणारे आणि देणारे जवळजवळ बसलेले असतात, बहुधा एकाच गावचे. ओळख पटवायला साक्षीदार लागतात. नाव पुकारलं की कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो, यंत्रावर अंगठा. मग अधिकारी विचारतात: दस्त वाचला का, मजकूर मान्य आहे का, मोबदला मिळाला का? विकणारा म्हणतो, ‘हो.’ तुम्ही वडिलांच्या तोंडचं दीड पानी भाषण शोधताय. त्यांना सगळ्यांदेखत उच्चारावं लागणारं वाक्य एवढंच आहे आणि ते ऐकायला मुलगा मागे उभा असू शकतो.

हे असंच लिहा असं मी म्हणत नाही. कदाचित तुमची आत्या सही करायला नकार देईल आणि पुढची कादंबरी तिचीच होऊन जाईल. होऊ द्या. जाण्याआधी एक वेगळी वही घ्या आणि तिच्यात फक्त प्रश्न लिहा, उत्तर एकही नको. वडिलांवर कर्ज कुणाचं आहे, सोसायटीचं की सावकाराचं? एकरी भाव काय चालू आहे? बांधावरचं झाड कुणी लावलं? विहिरीचं पाणी कुणाकुणाला जातं आणि विक्रीनंतर त्या पाण्याचं काय? आईला विचारलं का, की तिला बाहेरून कळलं? वही अर्धी भरेपर्यंत हस्तलिखिताला हात लावू नका. माझ्या प्रत्येक कादंबरीची अशी एक वही आहे, आणि छापून आलेल्या पुस्तकापेक्षा मी तिला जास्त जपते.

अडण्याचा तिसरा प्रकारही असतो आणि त्याला यातलं काही लागू पडत नाही. लिहिणंच नव्हे, खाणं, झोपणं, माणसांत मिसळणं यांतलाही रस गेला असेल, सकाळी उठवत नसेल, तर तो लेखनाचा प्रश्न नाही. तिथे वही-पेन बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं आणि घरच्यांना सांगायचं. दुःख लेखकाला लागतंच, असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका.

नोकरीचा हिशोब सरळ आहे. मराठी कादंबरीची आवृत्ती साधारण १००० प्रतींची धरतात, अलीकडे त्याहून लहानही निघते. मानधन छापील किमतीच्या १० टक्क्यांच्या आसपास. पुस्तक ४०० रुपयांचं असेल तर सगळी आवृत्ती खपल्यावर ४०,००० रुपये, तेही खपेल तसे. काही वर्षांच्या कामाचे. घरभाड्याची काळजी डोक्यावर असताना परीक्षेच्या प्रहरात शांतपणे जास्तीचं काढणं जमत नाही. पानं वाढवायचा मोह होतो. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते, श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये, अरुण साधू वृत्तपत्रात. नोकरी वेळ खाते हे खरं, पण ती रोज माणसंही समोर आणून बसवते. तुमच्या कंपनीत रात्रपाळीला येणारा सुरक्षारक्षक कदाचित जमीन विकूनच शहरात आला असेल. त्याच्याशी बोललात का कधी?

राहिला हस्तलिखित दाखवण्याचा प्रश्न. अकरा प्रकरणं तुम्ही मित्रांच्या ग्रुपवर टाकलीत, ती आता तिथून पुढे टाकू नका. राजशेखराची काव्यगोष्ठी जाणकारांची असते. पुण्यात साहित्यावर मत देणाऱ्यांची वानवा नाही, आणि अर्ध्या लिहिलेल्या कादंबरीवर दहा जणांचं मत ऐकणं म्हणजे तपासणाऱ्या दहा जणांना टेबलाशी बोलावून घेणं. पहिला खर्डा पूर्ण होऊ द्या, महिनाभर कपाटात राहू द्या, मग दोनच माणसांना द्या. एक भरपूर वाचणारा आणि एक जमिनीचे व्यवहार जाणणारा, मग त्यानं शाळेनंतर कादंबरी हातात घेतलेली नसली तरी हरकत नाही. दुसऱ्याला फक्त चुकीचं काय लिहिलंय ते विचारा. पहिल्याला आवडलं का असं विचारू नका. वाचताना पुस्तक कोणत्या पानांवर खाली ठेवलंत, तेवढे पानांचे आकडे समासात पेन्सिलनं टिपून द्यायला सांगा.